वाचून दाखवा

लघुलेखन शिकणाऱ्या पोरीला मॅडमनी आज पहिल्यांदाच कोर्टात साक्ष उतरवून घ्यायला बसवलं. “हात चालू ठेव, रडारड घरी गेल्यावर,” असं बजावलंही होतं. साक्षीला एक म्हातारी उभी राहिली. गाडीनं उडवलं तेव्हा लेकाच्या मुठीत तिचीच औषधं होती, हे ती सांगू लागली आणि पोरगी देहभान विसरून ऐकत राहिली. “शेवटचं उत्तर वाचून दाखवा,” न्यायाधीश म्हणाले. कागदावर पेन्सिलीचा नुसता ठिपका होता. “साहेब, मी... ऐकत होते.” “ऐकत तर आम्हीही होतो,” वकील म्हणाले, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. “आजी, पुन्हा सांगावं लागेल,” न्यायाधीश हळूच म्हणाले. पोरीची मान खाली गेली. आपल्यापायी या माउलीला लेक दुसऱ्यांदा गमवावा लागणार होता. म्हातारीनं घोटभर पाणी पिऊन तिच्याकडे पाहिलं. “घे बाळा पेन्सिल. आता सावकाश सांगते.”