साखर आणायला गेलेली माणसं

"आई, तुला फक्त साखर आणायला पाठवलं होतं," दुकानदार म्हणाला.

आईने साखर आणली होतीच. फक्त ती नव्या निळ्या बादलीतून आणली होती. "अरे, बादली जवळजवळ फुकटच होती," ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या नव्या सुपरमार्केटने साखर घाऊक भावापेक्षाही स्वस्त लावली होती. माणशी एकच पिशवी. दुकानदाराचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे वळलं. असंच चाललं तर शटर ओढून भाड्याच्या दुकानाची चावी जागामालकाला परत करायची पाळी येणार होती. म्हणून त्याने शक्कल लढवली. घरातल्या प्रत्येकाने तिथली साखर आणायची आणि ती आपल्या दुकानात विकायची.

मेव्हणा साखरेबरोबर केस वाळवायचं मशीन घेऊन आला. मेव्हण्याला चांगलं चकचकीत टक्कल होतं.

"भावजी, वर कंगवा फुकट दिला!"

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "साखर पार मागच्या भिंतीशी ठेवतात ती उगाच? जाता-येता तुम्हाला अख्खं दुकान फिरवतात, आणि तुम्ही फिरता! तिथे धंद्यातलाच माणूस पाहिजे. मीच जातो."

बायकोला गल्ल्यावर बसवून तो ताठ मानेने निघाला. परतला तेव्हा मान तितकीशी ताठ नव्हती. बायकोने पिशवी रिकामी केली. साखर निघाली. तिच्यामागून चहाचा पुडा निघाला.

"अहो, हे काय?" तिने मागच्या फळीवरून स्वतःच्या दुकानातला पुडा काढून शेजारी ठेवला. तीच कंपनी, तेच वजन. आणि घरच्या दुकानातला पुडा तिथल्यापेक्षा स्वस्त.

मेव्हणा पोट धरून हसू लागला. दुकानदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं तो हाच चहा विकत होता.

"घेतलात तरी कशाला?" बायकोने विचारलं.

"कशाला म्हणजे? समोर होता. हातात घेतला, वास घेतला, टोपलीत टाकला."

बायको हसली नाही. तिने आपल्या दुकानावर नजर फिरवली. माल छतापर्यंत रचलेला होता, आणि सगळा त्या दोघांच्या पाठीमागे. गिऱ्हाईक काउंटरच्या बाहेर पायरीवर उभं राहायचं, मागितलं तेवढं घ्यायचं आणि चालू लागायचं.

"आणि आपल्याकडे आलेल्या माणसाने काय हातात घ्यायचं?"

दुकानदार चहाच्या दोन पुड्यांकडे बघत राहिला. मग मेव्हण्याकडे वळला.

"दात काय काढतोस? तिकडून धर. हा काउंटर आधी बाहेर काढू."