कौतिकमामा ऊना

"माइक धर आणि एवढंच म्हण, की हे गाणं प्रेमराज आबांचं आहे. मग गा काय गायचं ते," प्रेमराज आबा कॅमेऱ्यामागून दबक्या आवाजात म्हणाले.

कुंदाबाईनं माइक धरला. मेहरूणमधल्या त्या नव्या बंगल्याचं अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. आबांची लेक नूतन पिवळ्या साडीत पाटावर बसली होती. तिची हळद आबांच्या चॅनेलवर लाइव्ह चालली होती आणि सगळा खानदेश मोबाइलवर बघत होता.

खरं तर बघायला कमी, ऐकायला जास्त आले होते. ज्या गाण्यावाचून हल्ली इकडची वरात पुढं सरकत नाही, ते आज मूळ गळ्यातून ऐकायला मिळणार होतं. आपल्या पोटच्या पोरीच्या हळदीत कुंदाबाईनं ते उभ्या उभ्या रचलं होतं. आबांनी तिला धुळ्याच्या स्टुडिओत नेऊन ते गाऊन घेतलं, एक साडी दिली, एसटीचं भाडं दिलं आणि खाली डीजेचा ठोका टाकून गाणं आपल्या चॅनेलवर सोडलं. गीत प्रेमराज, संगीत प्रेमराज, हक्क प्रेमराज. गळा तेवढा कुंदाबाईचा, आणि गळ्याचं नाव लिहायला आबांना जागा उरली नाही. कमाईला मात्र जागा भरपूर होती. बंगला तिच्यावरच उभा राहिला.

एवढ्यावर भागलं असतं तरी कुंदाबाई गप्प बसली असती. पण तिच्या लेकीनं आईचा गातानाचा व्हिडिओ टाकला, तर आबांनी तक्रार करून तो उडवला. वर निरोप धाडला, की आमच्या परवानगीशिवाय हे गाणं कुठल्याच मांडवात म्हणायचं नाही. त्या दिवशी कुंदाबाई चुलीपुढे बसून रडली. मग तिला राग आला, आणि तो काही उतरला नाही.

आज नूतननं हट्ट धरला म्हणून आबांनी कुंदाबाईला बोलावलं होतं. सौदा साधा होता. एकदा सगळ्यांसमोर गाणं आबांचं म्हणायचं, मग ते कुठंही गायला मोकळीक. नाही म्हटलं तर कायमचं तोंड बंद. कुंदाबाईनं होकार दिला, तेव्हा आबांना फार बरं वाटलं. तिनं सोबत एक म्हातारा ढोलकीवाला आणला होता. त्याला आबांनी, "ए ढोलकी, तू मागं बस, कॅमेऱ्यात येऊ नको," असं सांगून भिंतीशी बसवलं.

"हाई गानं प्रेमराज आबानं शे," कुंदाबाई माइकवर खणखणीत म्हणाली.

टाळ्या पडल्या. आबांनी हात जोडले.

"आन आपली रीत बठ्ठासले माहीत शे," ती पुढं म्हणाली. "ज्यानं गानं, त्यानंच नवरीना मामानं नाव त्यामा घालानं. घ्या आबा. गानं तुम्हनं शे ना? मंग तुम्हीच म्हना."

तिनं माइक आबांच्या हातात दिला आणि ती बाजूला झाली.

रीत खरी होती. गाण्यात 'मामा ऊना', म्हणजे मामा आला, असं म्हणत त्याचं गाव, त्याचं नाव आणि तो काय घेऊन आला ते गुंफायचं असतं. प्रत्येक घरी ते नव्यानं रचावं लागतं. नूतनचा मामा हेमराज चोपड्याहून केळीचा घड घेऊन आला होता. हाताला हळद लावून तो पाटाजवळ ताटकळत उभा होता. बायका हसायला लागल्या. "म्हना ना आबा," कुणीतरी म्हणालं. नूतन बापाकडे कौतुकानं बघत होती.

कॅमेरा चालूच होता. ढोलकीनं ठेका धरला. आबांनी घसा साफ केला. "चोपडानी वाटवर..." एवढं जमलं. पुढं केळी कुठं बसवावी ते कळेना. दोन वेळा ठेका चुकला. शेवटी हजारदा ऐकलेलं आपसूक तोंडातून बाहेर पडलं:

"पाचोरानी वाटवर कोन ऊना वं माय,
कौतिकमामा ऊना, ढोलकी लईसन..."

हेमराजनं हळदीचा हात मागं घेतला. केळीचा बागाईतदार माणूस, मानापानाला पक्का.

"आबा, मन्हं नाव हेमराज शे," तो म्हणाला. "आपला गोतमा कौतिक कोन शे?"

नूतनची नजर खाली गेली. आबांनी हसू सोडलं नाही. कॅमेऱ्याकडे बघत ते म्हणाले, "अहो, कवीची कल्पना असते ती. लिहिता लिहिता सुचलेलं नाव. असा माणूस कुठं नसतो."

ठेका थांबला.

भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी नीट केली. ढोलकी गळ्यात तशीच ठेवून तो उठला आणि सावकाश चालत कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

"कौतिक मी शे," तो म्हणाला. "कुंदा मन्ही बहीन शे."