तिऱ्हाईताची सही

"बायबलातल्या नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी मोजली म्हणजे भूमिती झाली नाही, मार्ला," असं म्हणत अर्डिथनी फायलीचं पान उलटलं.

मार्लानं सासूबाईंपुढे कॉफी सरकवली. "तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद. क्षेत्रफळ काढलंय पोरांनी. बरोबर काढलंय."

"चुकलंय असं मी म्हटलं नाही."

हे त्यांचं नेहमीचंच. चुकलं म्हणायचं नाही आणि बरोबरही म्हणायचं नाही. गावातल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आणि सख्ख्या नातवंडांनी त्या शाळेची पायरीही चढलेली नाही. मुलांना घरीच, देवाच्या वचनाच्या सावलीत शिकवायचं असं मार्ला आणि तिच्या नवऱ्यानं, वेन्डलनं, ठरवलं, तेव्हा अर्डिथ एवढंच म्हणाल्या होत्या, "म्हणजे माशाला बादलीत पोहायला शिकवणार म्हणा की." सहा वर्षं झाली, पण ती बादली मार्लाच्या डोक्यातून उतरली नव्हती.

आणि आता त्याच बाईंपुढे फाइल ठेवायची वेळ आली होती. दर वर्षी तीस जूनच्या आत एखाद्या परवानाधारक शिक्षकानं मुलांचं काम तपासून सही द्यावी लागते. पेनसिल्व्हेनियात तसा कायदाच आहे. सही नसेल तर शाळाखातं मुलांना शाळेत घाला म्हणायला मोकळं. नेहमीच्या केसलरबाई मार्चमध्ये लेकीकडे ॲरिझोनाला राहायला गेल्या. फोन करून करून मार्लाचं बोट दुखलं, कुणाला वेळ नव्हता. "आईला विचार ना," वेन्डल म्हणाला आणि कुत्र्याला फिरवायला निघून गेला.

"यांना मित्र कोण आहेत?" अर्डिथनी विचारलं.

"चर्चमधली अठरा मुलं, शेजारचे जुळे, आणि दर गुरुवारी तुम्ही."

"मी कसली मित्र? मी म्हातारी. गोधडीचे तुकडे कापायला मला हात लागतात, म्हणून येतात बिचारी."

"वाचन बघा. टिर्झा आठ वर्षांची आहे, स्तोत्रं घडाघडा वाचते."

"घडाघडा वाचणं वेगळं, समजणं वेगळं."

मार्लाचे कान तापले. तिनं फाइल ओढून घेतली आणि पिवळी खूण लावलेलं पान काढलं. "मग हे बघा. अपूर्णांक. याला नाव ठेवा."

गेल्या ऑक्टोबरात अकरा वर्षांचा सायलस अपूर्णांकांपुढे बसून रोज रडायचा. मार्लाही रडायची, पण भांडी घासताना. शेवटी एका सकाळी तिनं ओट्यापाशीच गुडघे टेकून प्रार्थना केली. महिन्याभरात पोरगा सात-अष्टमांशातून एक-तृतीयांश उभ्याउभ्या वजा करायला लागला, पाठोपाठ टिर्झाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत उभं राहून मार्लानं सगळ्यांसमोर देवाच्या या कृपेची साक्ष दिली, तेव्हा पाळकांचेही डोळे ओलावले होते. मागच्या बाकावर अर्डिथना मात्र खोकल्याची उबळ आली होती.

"हे कुणी शिकवलं म्हणतेस?"

"देवानं आणि मी. इथंच, या टेबलावर."

अर्डिथनी चष्मा काढला आणि पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. मग फाइल काखेत मारून उठल्या. "घरी नेऊन बघते."

चार दिवस काही कळलं नाही. मार्लाचा पाव दोनदा करपला. "पापा," सायलसनं जेवताना विचारलं, "आजीनं नापास केलं तर आम्ही शाळेच्या बसनं जायचं?" वेन्डलनं त्याच्या ताटात आणखी मका वाढला.

पाचव्या दिवशी अर्डिथची गाडी अंगणात थांबली. मुलं मागे कोंबड्यांना दाणे टाकत होती. बाई पायरीवरच उभ्या राहिल्या आणि तिथूनच फाइल पुढे केली.

"वाचन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात या वयाला इतकं चांगलं क्वचित बघितलं. भूगोल कच्चा आहे, पण भूगोल सगळ्यांचाच कच्चा असतो. तू कष्ट घेतलेस."

सहा वर्षांत पहिल्यांदा. मार्लानं घाईघाईनं शेवटचं पान उघडलं. सहीची जागा कोरी होती.

"सही, आई?"

"मी नाही करणार."

"आत्ताच तर म्हणालात..."

"म्हणाले, ते खरंच आहे. नोरीनला सांगितलंय मी, माझ्याच शाळेत शिक्षिका होती. शनिवारी येईल, बघेल, सही देईल. तीस तारखेच्या आत होतंय तुझं."

"म्हणजे परक्या बाईंची सही चालेल, पण तुम्ही या घराच्या कागदाला हात लावणार नाही! इतका राग आहे आमचा?"

"राग कसला, वेडे. तपासणारा माणूस तिऱ्हाईत असावा. मी तिऱ्हाईत नाही."

"आजी आहात म्हणून?"

"नुसती आजी असते तर डोळे मिटून केली असती." अर्डिथ कोंबड्यांच्या दिशेनं बघत राहिल्या. "ऑक्टोबरपासून दर गुरुवारी या दोघांना अपूर्णांक मी शिकवतेय."