दाणा बोलतो तेव्हा

"एकदा न्हाई म्हनलं ना!" मल्लम्मानं लोखंडी कढई चुलीवर ठेवली. "पंचमीला जायचं न्हाई. तुजा भाऊ कॉफी पिईल, जेवील आन् दुपारच्या गाडीनं वापस जाईल."

महादेवी दारात उभी राहिली. तिचं गाठोडं सकाळीच बांधून झालं होतं. बाहेर ओसरीवर तिचा भाऊ बसलिंग बसला होता. आईनं अंथरूण धरलं होतं, लेकीला एकदा बघू द्या म्हणत होती. म्हणून तो रेल्वेनं बहिणीला न्यायला पिंगळीला आला होता. गावातल्या साऱ्या सुना माहेरी निघाल्या होत्या. महादेवीला मात्र मागच्या दोन्ही पंचम्यांना सासूनं धाडलं नव्हतं.

"बस समोर," सासू म्हणाली.

महादेवी बसली. बुंद भाजायचं असलं की तिला समोर बसावंच लागे.

पिंगळीत चहा स्टेशनावर मिळायचा. कॉफी फक्त या घरात. मल्लम्माचा नवरा रेवणप्पा गावात किराणा दुकान चालवायचा. त्याचे वडील कानडी मुलखातून आले, तेव्हा ही सवय सोबत आली. कॉफीच्या कच्च्या, हिरवट दाण्यांना घरात बुंद म्हणत. लढाई सुरू झाल्यापासून ते मिळणं मुश्कील झालं होतं. पण कुठूनतरी पिशवीभर आलं की भाजण्याचा मान मल्लम्माचा. दुसऱ्या कुणी उलथन्याला हात लावायचा नाही.

तिची रीत ठरलेली होती. रंगावर जाऊ नये, चुलीच्या उजेडात सगळंच तांबडं दिसतं. वासावर जाऊ नये, नाक लवकर भरतं. कानावर जावं. दाणा तडतडायला लागला की जरा दम धरायचा आणि कढई खाली घ्यायची. नवी सून आली तेव्हाच तिनं दटावलं होतं, "दाना बोलाय लागला की मानसानं गप ऱ्हावं."

महादेवीला तेवढीच गोष्ट अवघड होती. ती बोलायला बसली की दाणा तडतडेपर्यंत थांबत नसे. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या जावयानं रुसून पाट सोडला, सगळं तिच्याकडे. मल्लम्मा कपाळाला आठ्या घालायची, पण सून उठायला लागली की पदर धरून खाली बसवायची. शेजारची कडूबाई म्हणायची, "सुनंला घटकाभर नजरेआड होऊ देत न्हाई. लय खाष्ट!" गर्विष्ठही म्हणत तिला. मागून हाक मारली तर मल्लम्मा वळूनसुद्धा बघत नसे.

आज कढई तापली. दाणे पडले. उलथनं फिरू लागलं. महादेवी गुडघ्यावर हनुवटी टेकून विस्तवाकडे बघत राहिली.

"बोल की," मल्लम्मा म्हणाली.

"काय बोलू?"

"काय बी बोल. कडूबाईची शेळी व्याली का?"

महादेवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आई तिकडे अंथरुणावर, आणि इथे शेळीची चौकशी! तिनं ओठ मिटून घेतले.

"ए पोरी, बोल ना. तोंड शिवलं का तुजं?"

महादेवी बोलली नाही. मल्लम्माचा हात फिरत होता आणि नजर सुनेच्या तोंडावर खिळली होती. महादेवीला ती नजर टोचत होती. तिनं मान फिरवली.

दाणे तडतडले. महादेवीनं ऐकलं. आत्याबाई उतरवतील, तिला वाटलं. तडतड वाढली, मग थांबली. उलथनं फिरतच होतं. धूर एकदम काळा झाला. मल्लम्मा दचकली, पदरानं कढई धरून तिनं खाली ओढली. आत कोळसे होते.

करपल्याचा वास दुकानापर्यंत गेला. रेवणप्पा धावत आला. बसलिंगही त्याच्यामागं दारात आला. मल्लम्माच्या हातून बुंद जळाल्याचं त्या घरानं कधी पाहिलं नव्हतं.

"कसं झालं हे?" रेवणप्पानं सुनेकडे पाहिलं. "पोरी, तू समोरच हुतीस ना? तडतड आयकली न्हाईस?"

"आयकली, मामंजी."

"मग सांगितलं कामून न्हाई? माहेरी धाडलं न्हाई, त्याचा राग कढईवर काढलास व्हय?"

महादेवीची मान खाली गेली. दारात बसलिंगचा चेहरा उतरला. बहिणीला भर घरात बोल लागत होते आणि त्याला पुढं होता येत नव्हतं. मल्लम्मानं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे. गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. सुनेची चूक, सासूची रीत शाबूत.

ती उठली. कोपऱ्यातलं गाठोडं उचललं आणि बसलिंगच्या हातात दिलं.

"घेऊन जा बहिनीला. आईपाशी ऱ्हाऊ दे मन भरंस्तवर."

रेवणप्पा बघतच राहिला. "अगं, सकाळपासून न्हाई न्हाई म्हनायलीस, आन् आता? एवढं नुकसान केलं तिनं!"

"तिला बोलू नगा."

"मग कुनाला बोलू? दाना तडकतो ते तुला घरात सगळ्यात आधी कळतं. आज काय झालं?"

मल्लम्मानं सुनेच्या गालावरचं पाणी पुसलं. हाताची काजळी तिच्या गालाला लागली.

"दोन वरसं झाली, अवो, मला दाना आयकू येत न्हाई. ही बोलता बोलता थांबली की मी कढई उतरवायची. आज ती बसली तवापासनंच गप हुती."