चाळीस हजार तास चाललेली

"जुनी?" बाबा म्हणाले. "दिसायला ठीक आहे, पण कुणीतरी वापरून टाकलेलीच ना?"

आवाज घोगरा झाला होता तरी दुकानभर ऐकू गेला. मुलीनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. बाबांच्या कौतुकाला 'पण'ची शेपटी असायचीच. शाळेतल्या पहिल्या बक्षिसापासून पहिल्या नोकरीपर्यंत, बिनशेपटीचं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

दुकानदारानं काउंटरवर कॉम्प्युटरची माहिती साठवायच्या दोन ड्राइव्ह मांडल्या होत्या. एक कोरी, चकचकीत खोक्यातली. दुसरी म्हणजे एक लांबट उघडी पाटी, कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढलेली, तिच्यावरचं लेबल अर्धं खरवडलेलं. ती त्यानं कॉम्प्युटरला जोडली आणि पडदा दोघांकडे वळवला.

"हिची पत्रिका बघा. चाळीस हजार तास चाललीय. झीज शंभरात सहा. खराब जागा एकही नाही."

"चाळीस हजार तास! म्हणजे पेन्शनीत निघालेली की."

"माझ्यासारखीच म्हणा ना," असं बाबा पुढे म्हणाले असते, तर तिला रडू आलं असतं. ते म्हणाले नाहीत. तिनं घाईनं विचारलं, "आणि वीज गेली तर?"

तिचा सगळा जीव त्या प्रश्नात होता. गुरुवारी बाबांचं स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी त्यांच्या आवाजात तीनशे वाक्यं साठवायची होती, म्हणजे पुढे बटण दाबून का होईना, त्यांना स्वतःच्याच आवाजात बोलता आलं असतं. रेकॉर्डिंग घरच्या सर्व्हरवर जायचं. आधी चपळ ड्राइव्हवर उतरायचं, मग सावकाश मोठ्या डिस्कवर. काल दुपारी मध्येच वीज गेली आणि तिनं हौसेनं आणलेल्या नव्याकोऱ्या ड्राइव्हनं हातातलं सगळं टाकून दिलं. एकशे चाळीस वाक्यं गेली. आता घसा दिवसाला जेमतेम तासभर साथ देत होता, आणि दिवस उरले होते तीन.

दुकानदारानं पाटीच्या टोकाकडचे पिवळे दाणे दाखवले. "यांत घोटभर वीज साठवलेली असते. घरगुती ड्राइव्हमध्ये बहुतेक हे नसतातच. वीज गेली तरी ही हातात आलेलं काम उरकते आणि मगच डोळे मिटते."

"बोलायला काय जातंय?" बाबा म्हणाले. "काच पुसली म्हणून इंजिन चांगलं ठरत नाही. घाई कुणाला आहे? आधी समोर बघ, मग बोल."

दुकानदाराची पाठ एकदम ताठ झाली.

"सर? निळी गाडी, दोन ब्रेकवाली? मी तुमच्याकडेच गाडी शिकलोय!"

बाबांनी डोळे बारीक केले. "चेहरा आठवत नाही रे."

"मला तरी तुमचा कुठे आठवतोय? मान वळवली की 'समोर बघ'! पण हा आवाज कसा विसरेन?" तो हसता हसता थांबला. "गेल्या वर्षी गाडीपुढे अचानक एक आजी आल्या. मी काही ठरवायच्या आत तुमचा 'ब्रेक!' कानात वाजला आणि पाय खाली गेला. आजी वाचल्या, मीही वाचलो. तुमचे आभार मानायचे राहिले होते, सर."

बाबांचा पाय सवयीनं जमिनीवर दाबला गेला, तो तिनं पाहिला. तिला त्या अनोळखी आजींचे, या माणसाचे, त्या निळ्या खटाऱ्याचेसुद्धा पाय धरावेसे वाटले.

दुकानदारानं माइक पुढे सरकवला. "बोला सर, काहीही. मी मध्येच प्लग ओढतो. मग बघू, किती उरतं ते."

"काय बोलू?" चाळीस वर्षं तोंड बंद न ठेवलेला माणूस विचारत होता.

"यादीतलं बोला ना, बाबा. 'मला पाणी हवं आहे.'"

"पाणी काय, खुणेनंही मागेन." त्यांनी माइक जवळ ओढला आणि तिच्याकडे मान वळवली. समोर नाही, तिच्याकडे. "ही माझी मुलगी. महिनाभर माझ्यापायी धावतेय. हॉस्पिटल, घर, ही असली यंत्रं. गाडी शिकवताना मी हिला रोज रडवली. अगं, छान चालवतेस तू. गाडीच नाही, सगळंच छान चालवतेस—"

खटकन प्लग निघाला. पंख्याची घरघर थांबली, पडदा काळा झाला. त्या खटक्यात बाबांचा पुढचा शब्द तिला ऐकू आला नाही.

दुकानदारानं प्लग परत लावला. कॉम्प्युटर कण्हत कुंथत उठला. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. फाईल जागेवर होती. त्यानं ती लावली आणि बाबांचा घोगरा आवाज दुकानभर पसरला. हॉस्पिटल, घर, यंत्रं, रोज रडवली, सगळं सगळं आलं. सगळंच छान चालवतेस. आणि शांतता.

तिनं डोळे पुसले नाहीत.

"ड्राइव्हच्या हातात पोचलेलं सगळं आहे," दुकानदार म्हणाला. "शेवटचा एखादा शब्द कॉम्प्युटरपाशीच अडकला असेल, तो गेला. काय होता, सर?"

बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"'पण' होता," ते म्हणाले. "गेला तेच बरं झालं. हीच बांधून दे."