श्रीहरीभाऊंचा शेवट

कला अमर असते, असं आरमोरीचा व्हिडिओवाला हेमराज दुकानात येईल त्याला सांगे. फक्त ती कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवली की अधूनमधून बिघडे. म्हणून झाडीपट्टीच्या नाटकांच्या ढीगभर फायली तो तपासायला बसला होता. शेजारी गिरजाबाई. या नाटकांतले खलनायक श्रीहरीभाऊ म्हणजे तिचे यजमान. ते पोळ्याला वारले होते, आणि त्यांची नाटकं ती घरी न्यायला आली होती.

हेमराजची रीत सोपी होती. फाइल थेट शेवटच्या प्रवेशावर न्यायची. तिथे श्रीहरीभाऊ नीट मेले, की फाइल चांगली.

"मेले," तो म्हणे. "ही चांगली हाये." मग पुढची लावी. "इथीबी मेले."



एका फायलीत मात्र तलवार उगारून हसणारे श्रीहरीभाऊ पडद्यावर थिजले, ते थिजलेच.

"ही गेली, बाई. पुसून टाकतो."

"काऊन?"

"इथी भाऊ मरतच नाई."

गिरजाबाई पडद्याकडे बघत राहिली.

"मंग मले हीच द्या," ती म्हणाली. "अन् हेमराजभाऊ, आवाज जरा मोठा करून द्या. मले कमी आयकू येते."