नावाचा रकाना

चौथ्या दिवशी सकाळी तिने दुसऱ्या काचबशीचे झाकण उचलले आणि तसेच हातात धरून ठेवले.

पहिल्या बशीत बुरशी येणारच होती. तिच्यात कोरफडीच्या पानाचा काळ्या डागांचा तुकडा होता. दुसरीत त्याच पानाचा हिरवागार, निर्मळ तुकडा, केवळ तुलनेसाठी ठेवलेला. तिथेही तीच राखाडी लव काठापर्यंत पसरली होती.

"कुठल्याच यादीत नाही ही!" सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत सर म्हणाले. "नवी जात, अगं! लोकांचा जन्म जातो, आणि तुला आपल्या प्रयोगशाळेच्या दारातल्या कुंडीत सापडली."

"सर, ही बशी निरोगी भागाची आहे."

"मग तर सोन्याहून पिवळं. डाग दिसायच्या आधीच आत शिरून बसते म्हणायची. भलतीच बेरकी! आणि ती अंगाच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवलेली तिसरी बशी बघ. तिथे दुप्पट माजलीय."

तिने ती पाहिली. मग आपल्या बोटांकडे पाहिले.

नमुन्यापुरते कापून उरलेले पान फेकणे तिच्या जिवावर येई. नमुना घेतला त्या दिवशीही डागाळलेला भाग तिने काटेकोरपणे छाटला, आणि स्वच्छ अर्धे पान घरी नेले. बाबांचा हात वाफेने पोळला होता. फुटलेल्या फोडांवर गर तिनेच लावला, फुंकर घालत, रोज संध्याकाळी.

तिने घरी फोन लावला.

"बाबा, हात कसा आहे?"

"आग कधीच थांबली. तुझ्या पानाने कमाल केली बघ. आता टोचलं तरी कळत नाही." बाबा हसले. "उगाच डॉक्टरांची धन केली असती. नवी कातडीही धरतेय. मऊ लागते हाताला, मांजराच्या पिल्लासारखी."

तिने विचारले, "रंग कसा आहे?"

"इथे अंधार आहे. थांब, खिडकीशी जातो."

सरांनी नोंदणीचा कागद तिच्यापुढे सरकवला, बुरशीच्या नावाच्या रिकाम्या रकान्यावर पेन ठेवले.

"शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वडिलांचं दे. कायमचे राहतील."

फोनमध्ये खुर्ची सरकली. पडदा ओढल्याचा आवाज आला. "राखाडी आहे गं," बाबा म्हणाले.